आजही नाही जमणार गं

मंडळी, आज पुन्हा आयत्या वेळी भेट रद्द केली.

मला बरीच वर्षं संधिवात आहे. कॉलेजची मैत्रीण रूपाली आज खास सुट्टी काढून मला बोरीवलीला सिनेमाला भेटणार होती. सकाळी उठले तर बोटं सुजलेली. कुर्त्याची बटणंही लागेनात. शेवटी फोन केला.

"रूपा, आजही नाही जमणार गं. सॉरी यार."

ती नुसतं "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. वाटलं, हीसुद्धा कंटाळली. तिचा तरी काय दोष? मलाच माझा कंटाळा आलाय.

दुपारी बेल वाजली. दारात रूपाली! कांजूरमार्गहून थेट मालाडला, माझ्या घरी.

"तुला येता येत नाही, मला तर येता येतं ना?"

आता हळद, योगा, कुठलातरी वैद्य सुरू होणार, म्हणून मी मनाची तयारी केली. तिने एवढंच विचारलं, "काय करत होतीस?"

"पडले होते."

"मग पड. मी पण पडते. आठवडाभर धड झोप नाही झालीये."

आणि शेजारी आडवी होऊन चक्क घोरायला लागली. माझं दुखणं काही कमी झालं नाही, झोपही लागली नाही. पण दुपारभर कुणाला 'बरी आहे' असं सांगावं लागलं नाही. उठल्यावर तिने चहा केला. माझा कप जड होऊ नये म्हणून अर्धाच भरला.

आता ती गेलीये. मी एका बोटाने हे टाइप करतेय.

दुखणं घेऊन जगणाऱ्यांनो, "नाही जमणार" म्हणताना सॉरी म्हणणं तुम्ही कसं सोडलंत? मला अजून सुटत नाहीये.