दुसरा कॅन्सर, पण नवीन

गेल्या महिन्यात शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात मी दुसऱ्यांदा कॅन्सरचं निदान ऐकलं... आणि मला हायसं वाटलं. विचित्र वाटेल, म्हणून नीट सांगते.

मी मंगळवार पेठेत राहते, शाळेत गणित शिकवते. काही वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन, केमो, मग रोजची हार्मोनची गोळी... सगळं रीतसर पार पडलं.

या गोळीने गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, रक्त दिसलं तर लगेच या, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. फायदा जास्त होता, म्हणून गोळी घेतली. सूचना मात्र विसरून गेले.

दिवाळीला सासरी बिद्रीला गेलो होतो. पाळी बंद होऊन बराच काळ झालेला, तरी तिथे डाग दिसले. उष्णता असेल म्हणून सोडून दिलं... थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे आमच्या अक्कांना, कपडे वाळत घालताना सहज बोलले. पहिल्या वेळीही दवाखान्यात त्याच सोबत असायच्या.

त्या थांबल्या. "डॉक्टरांनी सांगितलं हुतं न्हवं? मग हितं काय करालीस? उद्या जायचं. मी येतो संगं."

तपासणी झाली, बायोप्सी झाली. रिपोर्ट येईपर्यंत डोक्यात एकच... जुना कॅन्सर पसरला असणार. तसं असतं तर पुढचं गणित अवघड होतं, हे मला माहीत होतं.

डॉक्टर म्हणाल्या, "कॅन्सर आहे. पण जुना पसरलेला नाही. हा गर्भाशयातच सुरू झालेला, वेगळा आहे. आणि फार लवकर सापडलाय."

मी हसले असणार, कारण अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "दुसरा झालाय म्हणत्यात आणि हसालीस?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला. "म्हंजे ह्यो नवा हाय, आणि अजून ल्हान हाय."

"व्हय," मी म्हटलं.

गर्भाशय काढलं. सध्या तरी आणखी उपचार लागणार नाहीत, तपासण्या मात्र चालू राहतील. एकदा होऊन गेला म्हणजे आपला नंबर लागून गेला, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते... तसं काही नसतं. ज्यांचे उपचार पूर्ण झालेत, त्यांनी आपल्याला पुढे कशावर लक्ष ठेवायचंय ते डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावं.

डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी रिक्षात अक्का म्हणाल्या, "मला बी डाग दिसत्यात गं... लई दिवस झालं."

इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. रिक्षावाल्याला रिक्षा परत दवाखान्याकडे वळवायला सांगितली.

त्यांचा रिपोर्ट आज आला. काही निघालं नाही... आज पहिल्यांदा मला नीट झोप लागेल.