कंबरवाल्यांचा दवाखाना

दातांच्या दवाखान्यातले किस्से लोक हसत हसत सांगतात. आमचा दवाखाना पडला कंबरवाल्यांचा. माणूस वाकडा होऊन आत येतो, त्याच्यापुढे हसणार कसं? तरी किस्से साठतातच, मोरीत केस साठावेत तसे.

नव्वदनंतरची गोष्ट. जळगावात एका हाडांच्या डॉक्टरांकडे मी पेशंटना व्यायाम शिकवायचे. डॉक्टर भला माणूस, पण समजावून सांगायची भारी हौस. "दोन मणक्यांमध्ये गादी असते. तिच्यातल्या पेशी मरत गेल्या की पाणी आटतं, गादी चपटी होते आणि नस दाबली जाते." पिंपळनेरच्या एका अक्कांनी हे सगळं मान डोलावत ऐकलं आणि विचारलं, "बठ्ठ्या पेशी मरी ग्यात? मंग मी कशी जित्ती शे?"

डॉक्टर मला म्हणाले, "ताई, यांना कंबर ताणायचं ट्रॅक्शन लावा."

*

एकदा ते मुंबईच्या कॉन्फरन्सहून नवीनच ऐकून आले. त्या पेशींना म्हणे कोणी मारत नाही, कित्येक तर आपल्या आपणच मरतात. पहिलाच पेशंट एस्टीचा ड्रायव्हर. त्यालाही हे सांगून झालं.

"कंटाळल्या असतील साहेब," तो म्हणाला. "साक्री रोडच्या खड्ड्यांत रोज मी तरी कुठं खुशीनं जातो?"

*

माझी कटकट वेगळीच. मी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेली. पायाळूची लाथ बसली की कंबरेची उसण जाते, हे आमच्याकडे शाळेतल्या मास्तरांनाही मान्य! डॉक्टरांची गोळी खिशात टाकून लोक माझ्या खोलीत पालथे पडायचे. "ताई, हळूच एक." मी कुणालाच मारली नाही. झिजलेल्या गादीवर लाथ म्हणजे पापच की.

*

सावद्याच्या दगडूआबांचा जन्म केळीचे घड खांद्यावरून ट्रकपर्यंत नेण्यात गेला होता. एक्सरे बघून डॉक्टर म्हणाले, "आबा, आता वजन उचलायचं नाही."

"घड सोडले साहेब. पण म्हातारीला उचलावं लागतं."

बायकोला लकवा, मुलगा सुरतेला. रोज सकाळी आबा तिला उचलून ओट्यावर उन्हात बसवायचे. डॉक्टरांनी मुलाला बोलावून घेतलं आणि दटावून सांगितलं, "यांना काहीही उचलू देऊ नका." मुलगा बिचारा शहाणा. आईला उचलायला त्यानं शेजारचा गडी ठरवला.

आबा माझ्या खोलीत येऊन पालथे पडले. "मार ताई. गड्यानं उचललं की ती रडते." मी नाही मारली. फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

*

दिवाळीनंतर आबा परत आले, एकटेच. डॉक्टरांनी विचारलं, "कंबर कशी आहे?"

"बरी आहे."

"मग कसं येणं केलं?"

"म्हातारी गेली. पोरानं तुमचं ऐकलं साहेब. मी खांदा द्यायला पुढे झालो, तर त्यानं मला बाजूला केलं. म्हणे, डॉक्टरनी वजन मना केलंय."

मी पाणी आणून दिलं, ते आबांनी तसंच हातात धरलं.

"पार वाळली होती ती," आबा म्हणाले. "तिच्यात वजन राह्यलंच नव्हतं साहेब."