राबाच्या दिवशी पाण्याखाली

समुद्राच्या तळाशी गेल्यावर माणसाला स्वतःच्या क्षुद्रपणाची जाणीव होते, असं म्हणतात. मला ती बोटीतच झाली. पाठीवर हवेचं नळकांडं बांधून बसलेल्या माणसांत उलटी करणारा मी एकटाच होतो.

बेट लांबचं होतं. विमान, मोठी बोट, लहान बोट, आणि शेवटी गुडघाभर पाण्यातून चालत. तिथे रस्ता नव्हता, नेटवर्क नव्हतं, वीज संध्याकाळी दोन तास. सोबतची मंडळी या सगळ्याला ‘अनटच्ड’ म्हणत होती आणि आवाज खाली आणून बोलत होती. शहापूर तालुक्यात शेणव्याच्या पुढे माझी थोरली बहीण राहते, त्या पाड्यावर यातलं बहुतेक सगळं आहे. फक्त तिथे त्याबद्दल ग्रामपंचायतीत अर्ज करतात.

ताईला मी सांगितलं होतं की ऑफिसचं ट्रेनिंग आहे. खरं सांगायला हरकत नव्हती, पण ते दिवस राबाचे होते. भाताचं रोप जिथे टाकायचं, तिथे शेण, तोडलेला पाला, गवत आणि वर माती असे थर पसरून पावसाआधी भाजतात, त्याला राब म्हणतात. या कामाला दोन माणसं लागतात. एक पेटवतो, दुसरा ओल्या डहाळ्या घेऊन बांधावर उभा राहतो आणि बाहेर पळणारी आग झोडपतो. भावजींचे गुडघे गेल्यापासून डहाळ्या घेऊन मी उभा राहत होतो. शहापूरच्या फ्लॅटमध्ये राहून शेतीशी नातं टिकवल्याचं समाधान मला त्या एका दुपारी मिळायचं, आणि मी ते वर्षभर पुरवायचो.

पाण्याखाली खरंच सुंदर होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. एक निळा मासा माझ्या मास्कसमोर येऊन थांबला आणि मला न्याहाळून निघून गेला. वर आल्यावर सगळे भारावून गप्प होते. मीही गप्प होतो. मला वाटलं, लोक जिच्यासाठी एवढ्या लांब येतात ती हीच शांतता. पण मी हिशेब करत होतो की आज वार कोणता, आणि ताईने पाला पसरला असेल का.

परतीच्या जेट्टीवर फोनला रेंज आली. ताईच्या सात मिस्ड कॉलचे मेसेज आले, सगळे एकाच दुपारचे. पाड्यावर रेंज पाण्याच्या टाकीच्या चढावरच मिळते, म्हणजे ती सात वेळा चढली होती किंवा तिथेच बसून राहिली होती. त्या वेळी मी पाण्याखाली होतो. आगीपासून इतका सुरक्षित माणूस तालुक्यात दुसरा नसेल.

मी पाड्यावर गेलो तेव्हा तिने सगळं कामाची बातमी सांगावी तसं सांगितलं. आभाळ भरून आलं होतं, राब भिजला असता तर पुन्हा सुकवून भाजायला दिवस उरले नसते. वारा उठला होता. थांबू की लावू, एवढंच तिला विचारायचं होतं. शेवटी तिने एकटीने लावला. आग बांध ओलांडून रचून ठेवलेल्या पेंढ्याच्या उडवीत शिरली. पाड्यावरची माणसं धावली, तोवर अर्धी उडवी गेली. नवं गवत येईपर्यंत गाय काय खाणार म्हणून तिने गाय मुरबाडला नणंदेकडे पोचवली होती. तिच्या मनगटावर, भाजल्यावर बांधतात तसं, केळीचं पान बांधलेलं होतं.

मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. गाल करपले होते आणि डोळ्यांभोवती मास्कचा गोरा चट्टा राहिला होता.

“टेनिंग उन्हात होती काय रे?”

खोटं पुढे रेटण्याची हिंमत झाली नाही. बेटाचं सांगितलं.

“पान्यात काय हुतं?”

“मासे.”

“धरलेस?”

“नाय. नुसते बघायचे.”

तिने खोलीतल्या भावजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मासं बघाया गेलतास,” ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला निदान उत्तर देता येतं.

पुढच्या वर्षी मी कामाला लागलो. फेब्रुवारीतच रजा मागून ठेवली. ट्रेकची निमंत्रणं नाकारताना मला राबाचं शास्त्र समजावून सांगायची सवय लागली. ऑफिसातल्या एकाने माझ्या निष्ठेचं कौतुक केलं, ते मी ऐकून घेतलं. रजेच्या दिवशी जुने कपडे घालून, पहिल्या एसटीने, आणि वाटेत कोयत्याने डहाळ्या तोडून मी खांद्यावर भारा घेऊन पाड्यावर पोचलो. क्षमा मागायची वाक्यंसुद्धा ठरवली होती, लहान आणि साधी.

राब आदल्या दिवशीच भाजून झाला होता, शेजारणीला बांधावर उभं करून. मी आणलेल्या डहाळ्या शेळीने खाल्ल्या.