मागच्या बाजूची खोली

तटबंदीच्या आतल्या त्या जुन्या शहरात समुद्रासाठी येणारे लोक उतरायचं कुठे हे ठरवताना नळ सोडून बघतात, चादर हुंगतात आणि शेवटी खिडकी उघडतात. खोलीवाल्या काकूंच्या नळाला पाणी होतं, चादरी स्वच्छ होत्या. खिडकी मात्र धाकट्या दिराने गिळली होती. शेजारच्या आपल्या वाट्याच्या जागेत त्याने चार मजली हॉटेल उठवलं आणि काकूंच्या वरच्या तिन्ही खोल्यांतून समुद्र गेला. तेव्हापासून पाहुणा खिडकीशी गेला की काकू जिन्याकडे तोंड करून उभ्या राहत. पाहुण्याचं "विचार करून सांगतो" पाठमोरंच ऐकत.

"वहिनी, घर मला द्या. तुम्हाला मरेपर्यंत एक खोली ठेवीन," दीर म्हणायचा. दया दाखवताना त्याला फार बरं वाटत असे.

एकदा सगळ्या नातेवाइकांसमोर काकूंचा तोल सुटला. "बावीस वर्षं मास्तर माझ्याकडे उतरतायत, भाऊजी. ते ज्या दिवशी तुमची पायरी चढतील, त्या दिवशी किल्ल्या तुमच्या हातात देईन." दिराने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. साक्षीदार भरपूर होते.

यंदा मास्तर काठी टेकत आले. गल्लीत थांबून त्यांनी काकूंचा उभा लाकडी जिना पाहिला, मग हॉटेलची लिफ्ट. दीर दारात टपलेलाच होता.

"या सर. गुडघ्यांना सुट्टी द्या."

"गुडघे त्यांचे आहेत, भाऊजी."

"आणि जिना तुमचा. उद्या पडले तर निस्तरणार कोण?"

मास्तर ओशाळले. "चढतो मी हळूहळू. इतक्या वर्षांचा संबंध आहे."

ती कीव काकूंच्या अंगाला झोंबली.

"चढायचं नाही," त्या म्हणाल्या. "खाली माझ्या खोलीत उतरा."

"मग तुम्ही?"

"मी वर."

दीर खो-खो हसला. "घ्या, मालकीणच पाहुणी झाली. झोपा वर, भिंत बघत."

काकूंनी मास्तरांची बॅग स्वतः आत नेऊन ठेवली. मग आपली वळकटी घेऊन वर गेल्या आणि हॉटेल झाल्यापासून प्रथमच ती खिडकी स्वतः उघडली.

भिंत सलग नव्हती. तिच्यात नऊ खिडक्या होत्या, हातभर अंतरावर. एकीत ओले केस सोडलेली एक बाई धुमसत उभी होती.

"तुमच्याकडून समुद्र दिसतो का हो?"

"नाही. तुम्हाला काय सांगितलंय?"

"समुद्रालगतची खोली."

"लगतच आहे. तुमच्या पाठीमागे."

बाईने खिडकी धाडकन लावली. काकू बराच वेळ त्या नऊ खिडक्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माळ्यावरून जुन्या गाद्या ओढून काढल्या. कुणाकुणाच्या झोपेचे, आजाराचे, लेकरांचे डाग पडलेल्या, टाकायच्या म्हणून राहिलेल्या. एकेक गादी त्यांनी खिडकीवर टाकली, डागांची बाजू हॉटेलच्या खिडक्यांकडे करून.

तिसरी टाकेपर्यंत खाली दीर येऊन उभा राहिला.

"वहिनी, हे काय चाललंय?"

"ऊन दाखवतेय."

"इथे ऊन कुठे येतं?"

"पूर्वी यायचं," काकू म्हणाल्या, आणि चौथी गादी आणायला वळल्या.