गरमच खायची बिस्किटं

अमेरिकेत आमच्या बेलव्ह्यू गावातल्या मराठी घरांच्या ओव्हनमध्ये काय काय दडलेलं असतं, हे आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांइतकं जगात कुणालाच ठाऊक नसेल. आयुष्यभर त्यांनी ऑपरेशनआधी लोकांना भूल दिली. निवृत्तीनंतर बोटीच्या सहलीत ग्रीसच्या एका बंदरावर दुपारभर उतरले, आणि तेव्हापासून तिथल्या खारट चीजच्या बिस्किटांचे ते एकमेव वारस आहेत. पार्टी कुणाचीही असो, अपेटायझर त्यांचंच. "खारी म्हणू नका," ते बजावतात, "खारीला इतिहास नसतो."

गार बिस्किट वाढणं म्हणजे पाहुण्याचा अपमान, हा त्यांचा सिद्धांत. म्हणून ते मळलेला गोळा डब्यातून आणतात आणि यजमानांच्या ओव्हनवर चाल करून जातात. आपल्याकडे ओव्हन म्हणजे भांड्यांचं कपाट. कढया, तवे, झाकणं ते एकेक बाहेर काढून ओट्यावर मांडतात आणि निदान करतात. "वहिनी, ही कढई वाचणार नाही." वहिनी दात आवळून हसतात. तोवर त्यांचे बटाटेवडे गार होतात. बिस्किटं येतात ती गरम, पण दगड. डॉक्टर समोर उभे राहून खाणाऱ्याचा जबडा न्याहाळतात.

तोंडावर बोलायची ती एकटी माझी बायको, सुमा. "डॉक्टर, हे चहात बुडवलं तर कप फुटेल हो."

"ग्रीक लोक चहात बुडवत नाहीत, वहिनी."

"म्हणूनच त्यांचे पुतळे तोंड मिटून उभे असतात."

सुमा गेल्यानंतर गेल्या महिन्यात मी पहिल्यांदाच चार माणसं जेवायला बोलावली. डॉक्टर सर्वांआधी आले आणि सवयीने ओव्हन उघडला. तिच्यामागे तो मी उघडलेला नव्हता. आत तिने रचलेली भांडी तशीच होती. मोठ्या कढईत लहान कढई, तिच्यात फोडणीची पळी, आणि ओरखडे पडू नयेत म्हणून मध्ये मध्ये तिने घडी करून ठेवलेले पेपर टॉवेल. नका काढू, असं मला म्हणायचं होतं. त्याआधीच डॉक्टरांनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि झोपलेल्या पेशंटच्या खोलीचं दार लावावं तसं ते दार लावलं.

"तुमच्या ओव्हनचं टेम्परेचर बरोबर नाही," ते म्हणाले आणि डबा उचलून निघाले.

तासाभराने तलावापलीकडच्या आपल्या घरून ते बिस्किटं भाजून घेऊन आले. पार गार झालेली. ती त्यांनी तशीच वाढली आणि कुणाच्याही जबड्याकडे न पाहता खिडकीबाहेर बघत राहिले.

गार झाल्यावर ती आणखीच कडक होतात. चावायला फार वेळ लागला, आणि तेवढा वेळ कुणालाच काही बोलावं लागलं नाही.