आरसेभाऊंचा मोगरा

आरसेभाऊंच्या चेहऱ्यावर नाक होतं, चांगलं भरघोस होतं, चष्मा त्यावर ऐटीत बसायचा. त्यापलीकडे मात्र त्या नाकाचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. लाकडी सामानाला पॉलिश करण्यात उभी हयात गेलेली. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापसाचा बोळा फडक्यात गुंडाळून त्यात बुडवायचा आणि लाकडावर हात फिरवत राहायचं, फिरवत राहायचं, थेट आपलं तोंड दिसेपर्यंत. त्यांनी पॉलिश केलेल्या कपाटात बघून लोकांना भांग पाडता यायचा, म्हणून गल्लीनं त्यांचं नाव आरसेभाऊ ठेवलं. पण लाकूड उजळत गेलं तसतसं नाक विझत गेलं. चुलीवर दूध करपायचं आणि भाऊ त्याच स्वयंपाकघरात बसून निवांत पेपर वाचायचे. एकदा तर शेजारच्या गोदामात आग लागली, सगळी गल्ली धुरानं खोकत रस्त्यावर आली, आणि भाऊ खिडकीतून डोकं काढून विचारताहेत, "काय रे, कोण आलंय?"

भाऊंच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. तिनं मागच्या दारी, कापून अर्ध्या केलेल्या पत्र्याच्या पिंपात मोगरा लावला होता. नुसती हौस नव्हती ती, धंद्याची सोय होती. ताज्या पॉलिशच्या कपाटाला असा भपकारा येतो की गिऱ्हाईक दार उघडतं आणि दोन पावलं मागं सरतं. म्हणून काम हातावेगळं झालं की वहिनी दिवेलागणीला मागच्या दारी जायची, उमलायच्या बेतात असलेल्या कळ्या अंगठ्याच्या नखानं खुडायची आणि प्रत्येक खणात मूठभर टाकून दारं लावून घ्यायची. सकाळपर्यंत मोगरा लाकडात मुरलेला असायचा. त्या भागात पॉलिशवाले आणखीही होते, पण गिऱ्हाईक भाऊंकडेच यायचं. ते आपल्या हाताच्या सफाईमुळे येतं, अशी भाऊंची प्रामाणिक समजूत होती आणि वहिनीनं ती कधी मोडली नाही.

दर मोसमातलं पहिलं फूल ती त्यांच्या नाकाशी धरायची. "आला का वास?"

"वा! काय घमघमाट!" भाऊ म्हणायचे. बायकोचं मन कशाला मोडा?

एका वर्षी तिनं त्यांना डोळे मिटायला लावले आणि नाकाशी त्यांचाच कोरा कापसाचा बोळा धरला. भाऊ छाती भरून श्वास घेत म्हणाले, "वा! काय घमघमाट!" वहिनी इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी पायरीवर बसून तिनं डोळे पुसले. ते पाणी सगळंच हसण्याचं होतं की नाही, हे विचारायचं भाऊंना सुचलं नाही.

गेल्या थंडीत चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि वहिनी गेली.

मग भाऊंची मोठी बहीण, आक्का, सामानसुमान घेऊन राहायला आली. आक्का इस्पितळातली निवृत्त नर्स. सगळा जन्म वॉर्डात हुकूम सोडण्यात गेलेला, त्यामुळे भाऊ तिला भाऊ कमी आणि पेशंट जास्त वाटायचे. तिनं घर लखलखीत ठेवलं, भावाला वेळेवर जेवायला घातलं. मोगऱ्याला मात्र ती हात लावेना. "ते तिचं होतं. तू बघ."

भाऊंनी बघितलं, आणि कसं बघितलं! मागच्या दारी पाण्याची बादली भरलेली दिसली. उचलली आणि ओतली झाडाच्या बुंध्यात. त्या बादलीत त्यांनी आदल्या दिवशी पॉलिशचे बोळे स्पिरिट घालून धुतले होते. दुसऱ्या कुणाचंही नाक बादली उचलतानाच ओरडलं असतं. भाऊंचं नाक चष्मा सांभाळत गप्प बसलं.

आक्का पदर नाकाला लावून धावत आली. "अरे मेल्या, झाडाला दारू पाजलीस?"

आठवड्याभरात पानं पिवळी पडून गळली. मागं उरल्या नुसत्या काड्या. भाऊ त्या काड्यांसमोर उभे राहिले आणि बायको गेली तेव्हा जे आलं नव्हतं ते रडू त्यांना तिथं आलं.

त्यानंतर गडी पेटला. सगळी माती उपसून नवी घातली, वाळल्या फांद्या तिरप्या छाटल्या, शेणखत घातलं, पिंप ढकलत ढकलत उन्हात नेलं. इथवर ठीक होतं. पण हातातली कला गप्प बसेना. एक दिवस आक्का बघते तो काय, भाऊ मांडी घालून मोगऱ्याच्या खोडाला हलक्या हातानं पॉलिश पेपर मारताहेत.

"झाड आहे ते! टेबलाचा पाय नव्हे!"

"साल खडबडीत झाली होती गं, म्हणून."

याच सुमाराला आक्कानं त्यांना नाकाच्या डॉक्टरकडे नेलं. तोंडावर फडकं बांधून काम करा, स्पिरिटचा वास टाळा. गेलेला वास कधी परत येतो, कधी नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यातलं भाऊंनी फक्त 'परत येतो' एवढं उचललं. तेव्हापासून त्यांच्या मनानं एकच धरलं. या झाडाचं एक फूल नाकाशी धरायचं. आपल्या कामाला इतकी वर्षं बायको कोणता वास लावत होती, तो एकदा, जन्मात एकदा, कळला पाहिजे.

पानं झडलेल्या झाडाला उन्हाचा ताण बसला आणि मग पाणी मिळालं. मोगऱ्याला हे मानवतं, तो चिडून फुलतो. काड्यांना पोपटी फूट आली. भाऊ रोज कळ्या शोधायचे. कळी दिसेना.

आणि एक दिवस दातांची डॉक्टरीण आली. तिच्या दवाखान्याचं कपाट भाऊंनी नुकतंच पॉलिश करून पाठवलं होतं. "भाऊ, आभार मानायला आले हं. वहिनी गेल्यावर कोण फुलं घालणार, असं वाटलं होतं मला. पण खण उघडला आणि तोच मोगरा! पेशंट भूल न देताच खूश होतात."

भाऊंनी हातातला बोळा खाली ठेवला. "मी फुलं घातली नाहीत."

"मग आक्कांनी घातली असतील."

"मी?" आक्का म्हणाली. "झाडाला अजून कळी नाही, बाई."

घराला लागूनच असलेल्या दुकानात एक टेबल तयार होऊन उभं होतं. आक्कानं त्याचा खण ओढला, वाकली, आणि तशीच वाकलेली राहिली. डॉक्टरीणही वाकली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. भाऊंनी खणात डोकंच घातलं, नाक लाकडाला घासलं, पण त्यांना काही म्हणजे काही आलं नाही. आतल्या लाकडावर हात फिरवला तेव्हा मात्र तळ गार लागला, किंचित ओलसर, नुकतंच काहीतरी उचलून घेतल्यासारखा.

त्या संध्याकाळी भाऊंनी चष्मा पुसून झाडाची फांदी न् फांदी तपासली. लाकडावरचा केसाएवढा ओरखडा ज्या नजरेतून सुटत नाही, त्या नजरेला ते दिसलं. कळ्या येत होत्या. येत होत्या आणि जात होत्या. जवळजवळ प्रत्येक शेंड्याला आखूड हिरवं देठ शिल्लक होतं आणि त्याचं टोक चंद्रकोरीसारखं कापलेलं होतं. पाखराच्या चोचीनं असं कापलं जात नाही, कात्रीनं तर नाहीच. ते नख होतं.

"आक्का, खरं सांग, तू खुडतेस का?"

"मला काय वेड लागलंय? शेजारपाजारची पोरं असतील." आक्का ठसक्यात म्हणाली. "मेलेली माणसं मी जन्मभर पाहिलीत. त्यातलं एकही ड्यूटीवर परत आलेलं नाही." एवढं बोलून ती आत गेली खरी. पण दुसऱ्या दिवसापासून मागच्या दारी जायच्या आधी ती मोठ्यानं खोकायला लागली. बाथरूमच्या दाराबाहेर माणूस खोकतं तशी.

खणांचा वास वाढत चालला. दुकानात खुर्ची आली की संध्याकाळपर्यंत खुर्ची घमघमायची. गिऱ्हाईकं खुळावल्यासारखी हुंगत उभी राहायची आणि भाऊंचा हात हातात घेऊन सांगायची, काय वास आहे हो! सगळ्या गावाला ती भेटत होती. एका नवऱ्याला तेवढी भेटत नव्हती. भाऊंना भीती वाटायला हवी होती. त्यांना वाटला हेवा. डॉक्टरीणबाईच्या कपाटाचा हेवा, परक्यांच्या खुर्च्यांचा हेवा.

शेवटी आक्काचा धीर सुटला. कपडे वाळत घालायला गेली असताना तिच्या डोळ्यांदेखत एक फांदी खाली वाकली, क्षणभर थांबली आणि सुटून वर गेली. वारा नव्हता. आक्का ओले कपडे तिथंच टाकून आत आली आणि फोन उचलून तिनं डॉक्टरीणबाईला सांगितलं, "तुम्हाला आवडतो ना मोगरा? उद्या सकाळी गाडी पाठवा आणि पिंपासकट घेऊन जा."

"आक्का!"

"एक शब्द बोलू नकोस. मला या घरात झोपायचं असतं."

भाऊ आक्कासमोर आयुष्यात कधी उलटून बोलले नव्हते, आताही बोलले नाहीत. "बरं, उद्या ना? आज मला तिथं बसू दे," एवढंच म्हणाले. कुणाची तरी दोघांना बसायची जुनी सेटी त्या दिवशी पॉलिशला आली होती. ती त्यांनी ओढत मागच्या दारी नेली आणि झाडासमोर मधोमध बसले.

ऊन उतरत होतं. आज कळ्या होत्या, भरपूर होत्या. टपोऱ्या, पांढऱ्या, मिटल्या मुठींसारख्या. भाऊ पापणी न हलवता बघत राहिले. पण माणूस किती वेळ पापणी हलवणार नाही? डोळा मिटला आणि उघडला, तेवढ्यात उजवीकडची एक कळी नव्हती. देठाच्या टोकाशी पाण्याचा बारीक थेंब फुगत होता. पुन्हा डोळा मिटला. आणखी एक गेली. काम सावकाश चाललं होतं, सवयीच्या हातानं, खालच्या फांदीकडून वर.

भाऊंना पळून जावंसं वाटलं, पण उद्या गाडी येणार होती.

"अगं," ते म्हणाले. "माझ्यासाठी एक तरी ठेव."

मग त्यांनी आपण होऊन डोळे मिटले. उघडले तेव्हा सगळं झाड रिकामं होतं आणि शेंड्याला एकच कळी होती. ती त्यांच्या देखत उमलत गेली.

भाऊंनी ती हळूच खुडली आणि नाकाशी धरली. काही नाही. जोरात ओढला श्वास. काही नाही. फूल चुरगळलं, नाकपुडीला घासलं. कापूस, नुसता कापूस. भाऊंनी हात मांडीवर टाकला आणि ते मान खाली घालून बसून राहिले.

आणि मग तो आला.

आधी गोड, मग हिरवा, मग असा दाट की डोळ्यांत पाणी यावं. त्यात ओली माती होती, अंगाचा साबण होता, स्वयंपाकघरातला धूर होता. इतक्या वर्षांत न आलेलं सगळं एकदम आलं. भाऊंनी दचकून फूल पुन्हा नाकाशी नेलं. फुलाला वास नव्हता. झाडाकडूनही येत नव्हता. तो डाव्या बाजूनं येत होता, अगदी जवळून, खांद्याच्या उंचीवरून, आणि उबदार होता.

भाऊंनी त्या बाजूला मान वळवली नाही. ते फक्त उजवीकडे थोडे सरकले.

आतून आक्का चहाचे कप घेऊन आली. भाऊ जिवंत आहेत हे बघून तिचा जीव भांड्यात पडला. "झालं का तुझं? सरक जरा," म्हणत ती सेटीच्या मोकळ्या जागेवर बसायला वाकली.

भाऊंनी तिथं हात आडवा धरला. "इथं नको, आक्का."

आक्का अर्धवट वाकलेलीच थांबली. मोकळ्या जागेची जुनी गादी दबलेली होती. तिनं ती नीट पाहिली, मग सरळ झाली, मागं हटली आणि पायरीवर जाऊन बसली.

"गाडीवाल्याला सकाळी सांगते मी, नेऊ नको म्हणून," ती म्हणाली. बोलताना ती भाऊंकडे बघत नव्हती.