टेबल ताब्यात घेतलं, आम्हाला नाही

"ए, हिला पाठ करून उभी करा," नवा सुपरवायझर म्हणाला.

शालन पाठ करून उभी राहिली. त्याने तिच्यामागे जाऊन टाळी वाजवली. ती हलली नाही. मग जोरात वाजवली. मग आणखी जोरात. लॉन्ड्रीतली पोरं हसायला लागली. शालन वळली, सगळ्यांचे हसरे चेहरे पाहिले, आणि तीही हसली. तिला वाटलं, काहीतरी गंमत चाललीय.

तिचं ते हसणं मी मेले तरी विसरणार नाही.

पालिकेच्या हॉस्पिटलची लॉन्ड्री. ठेका बदलला होता. तो बदलतच असतो. जुना ठेकेदार जातो, नवा येतो, आमचे शर्ट निळ्याचे हिरवे होतात, चादरी त्याच राहतात. ठेकेदार म्हणजे शर्टाचा रंग, एवढीच आमची अक्कल. म्हणून त्या सकाळी पिवळ्या शर्टांचा ढीग दिसला, तसा मी एक उचलून पंजाबी ड्रेसवर चढवलाही. आपल्याला विचारणार आहेत कोण, या भ्रमात.

माझा डावा पाय पोलिओचा. शालन जन्मापासून बहिरी. ती कणकवलीकडची, बाप गिरणीत होता. मी जालन्याकडची, साकीनाक्याला वाढलेली. आमचं गोत्र जुळलं ते कामात. वॉर्डातून फोन आला की मी घ्यायची. शालन टेबलाला पोट टेकवून घड्या घालत असायची. मी टेबलावर थाप मारायची. एक थाप म्हणजे चादरी, दोन म्हणजे पेशंटचे गाऊन, आणि थापांचा सपाटा लावला की ऑपरेशन थिएटर, पळ. लाकडातून तिला सगळं कळायचं. गठ्ठा उचलून ती निघायची. कान माझे, पाय तिचे. कुठल्या वॉर्डाचं काही अडलं नाही.

हे मी सुपरवायझरला नीट सांगितलं. तो म्हणाला, "दोघींचं मिळून एक माणूस होतंय. मला नाही परवडत. एकेकीने करून दाखवा."

शालनच्या टाळ्यांआधी माझी पाळी होती. भरलेलं बोचकं डोक्यावर देऊन मला चालायला लावलं. मी पडले. "स्टार्टच होत नाय रे गाडी," कोणीतरी म्हणालं. कोणीतरी मोबाइलही काढला. ही आमचीच पोरं. आमच्या डब्यातलं खाल्लेली. आपला शर्ट जाऊ नये म्हणून हसत होती. मला त्यांचा राग कमी आला, वाईट जास्त वाटलं.

मग तो मला म्हणाला, "तू राहा. बसून फोन घे. ही बहिरी नको."

घरी म्हातारी आई, शाळेत जाणारा मुलगा. कमावणारी मी एकटी. शर्ट अंगात होता. गप्प राहिले असते तर अंगातच राहिला असता.

मी बटणं काढली. शर्ट त्याच्यासमोर ठेवला. "तिच्या पाठीमागे टाळ्या वाजवणाऱ्याच्या हाताखाली मी काम करणार नाही."

बाहेर आल्यावर शालनने हातांनी विचारलं, काय झालं? आमच्याकडे सगळ्याला खुणा होत्या. मासळीला, पगाराला, नवऱ्याच्या मारालासुद्धा. ठेक्याला नव्हती. कधी लागलीच नव्हती. मी टाळी वाजवून दाखवली, तिच्या कानाकडे बोट केलं, हात आडवा हलवला. तिला कळलं. आपण मगाशी का हसलो, तेही कळलं. तिचा चेहरा उतरला. मग चिडून तिने मला दाराकडे ढकललं, तू तरी जा आत. मी गेले नाही. दोघी फुटपाथवर बसून रडलो.

आई म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण केलंस, बाई." असेल.

पालिकेच्या साहेबांकडे गेले. माणूस सभ्य. खुर्ची दिली.

"अहो बाई, माणसं ठेकेदाराची. त्यात आम्ही काय करणार?"

"आणि टेबल?"

"टेबल पालिकेचं. नव्या ठेकेदाराने सही करून ताब्यात घेतलंय."

टेबल घेतलं. मशिनी घेतल्या. बंद पडलेला पंखासुद्धा घेतला. त्या टेबलाला टेकून जिची अर्धी जिंदगी गेली, ती तेवढी कुणाचीच नव्हती.

शालन आता जोगेश्वरीत घरोघरची भांडी घासते. दाराची बेल ऐकू येत नाही म्हणून बोलणी खाते. ती ऐकू येत नाहीत, तेवढंच नशीब. पण तोंडं दिसतात ना तिला.

मी साहेबांच्या ऑफिसबाहेर बसते. रोज. परवा कोणीतरी माझ्या ओढणीत नाणं टाकून गेला. कुबडी टेकत मी त्याच्यामागे गेले आणि ते त्याच्या हातात परत दिलं.

आमच्यावर दया करा, आम्हाला कामावर घ्या, असं मी म्हणत नाही. काम आमचंच होतं. ठेका कुणालाही द्या. त्या कामावरची अपंग माणसं कामावरच राहतील, ही अट आधी घाला. तोवर मी इथून उठणार नाही. आणि मला एकटीला आत बोलावलं, तर जाणार नाही. पुढे शालन, मागे मी.